पडून राहिली

"किती वेळ पडून राहिली होती?" डॉक्टरांनी विचारलं आणि ऋतुजानं खाली बघितलं. समोर टेबलावर तिनंच भरलेला कागद होता. 'काय झाले ते थोडक्यात लिहा' असं छापलेल्या ओळीखाली तिचंच वळणदार अक्षर: 'मुलगी दुपारी पावणेदोनच्या सुमारास जिन्याच्या पायरीवरून घसरली व पडून राहिली. रिक्षात एकदा उलटी.' खुशी तिच्या मांडीवर होती, चार वर्षांची, कपाळाच्या उजव्या कोपऱ्यावर पिकल्या लिंबाएवढं टेंगूळ घेऊन, डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीकडे टक लावून बघत. डॉक्टर तरुण होते, बोलण्यावरून सांगली-मिरजेकडचे वाटत होते. घाईत नव्हते, पण उत्तराशिवाय पुढे सरकणार नव्हते. "म्हणजे हालचाल नव्हती, रडली नाही, असा वेळ किती? अर्धा मिनिट? दोन मिनिटं? अंदाजे सांगा." धंतोलीतल्या त्या मुलांच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकांवर यवतमाळपासून गोंदियापर्यंतची लेकरं आपापले ताप घेऊन बसली होती, आणि त्या सगळ्या कलकलाटातून ऋतुजाला फक्त तेवढाच प्रश्न ऐकू येत होता. किती वेळ. ती तिथं नव्हती. हे सांगायचं होतं, आणि नेमकं हेच सांगता येत नव्हतं.

ती वर होती. मानेवाड्याच्या त्या भाड्याच्या घरात जिना चढला की एक खोली, तिचं दार लोटून ती रोज एक ते तीन बसायची. खाली यमुताई खुशीला सांभाळायच्या. दोन तास कादंबरीचे. अंकुर, तिचा नवरा, मौद्याच्या वीज प्रकल्पावर कामाला. पाळी असली की फोन तिथल्या कपाटात ठेवून आत जायचा, त्यामुळे दुपारी घरात पुरुषाचा आवाज नसायचा, आणि ते तिला लिहायला बरं पडायचं. आज ती बाबांच्या चालण्याशी अडली होती. महिनाभर तिथंच अडली होती. छप्पन्न सालच्या ऑक्टोबरात आठ वर्षांचे मारोतराव, म्हणजे तिचे बाबा, आईबापासोबत मौद्याहून नागपूरला दीक्षेसाठी पायी निघतात, हे सोळावं प्रकरण. सतरावं पोहोचण्याचं, अठरावं सोहळ्याचं, एकोणिसाव्यापासून शाळा. कपाटाच्या आतल्या बाजूला अठ्ठेचाळीस कार्डं चिकटवलेली होती, तीन रंगांची, आजोबांचे दिवस पिवळे, बाबांचे निळे, तिचे स्वतःचे गुलाबी. कुठे वळण, कुठे पेच, कुठे कळस, सगळं एका ऑनलाइन कार्यशाळेत शिकल्याबरहुकूम. कार्डं छान दिसायची. पण लिहिलं की प्रत्येक प्रकरण संपताना दार आपटल्यासारखं वाटायचं आणि आतली माणसं आतच राहायची. तिनं 'मग ते पुढे निघाले' असं वाक्य सुरू केलं आणि 'मग ते'पाशी खालून आवाज आला. काहीतरी मऊ आणि जड. तिनं तो ऐकला. ऐकला आणि वाक्य पुरं केलं. पुढे निघाले. पूर्णविराम. मग उठली. खाली कुकरची शिट्टी इतकी वाजत होती की दुसरं काही ऐकू येत नव्हतं. किती वेळ, म्हणजे दोन शब्द लिहायला लागतो तेवढा, आणि तेवढ्यात काय काय होऊ शकतं हे आता समोर बसलेला हा माणूस तिला मिनिटांत विचारत होता.

"मी वरच्या खोलीत होते," ती शेवटी म्हणाली. "खाली सांभाळणाऱ्या बाई होत्या. त्यांनी सांगितलं तसं लिहिलंय मी." डॉक्टरांनी मान हलवली, टॉर्च खुशीच्या एका डोळ्यात, मग दुसऱ्या. "डोळे बरोबर आहेत. पण बाई, मूल पडून निपचित राहिलं असेल आणि वर उलटी झाली असेल, तर मी तसं सोडणार नाही. डोक्याचं स्कॅन करून घेऊ. या वयाची मुलं हलतात, गुंगीचं औषध द्यावं लागेल. आता काही खायला-प्यायला देऊ नका. सही करून द्या, मी खाली स्कॅनच्या खोलीत कळवतो." त्यांनी दुसरा कागद पुढे केला. गुंगीमुळे होऊ शकणाऱ्या गोष्टींची यादी होती, श्वास मंदावणे वगैरे, बारीक अक्षरात, शेजारी चौकोन. ऋतुजाला वाचायची सवय. तिनं यादी शेवटपर्यंत वाचली. अंकुरला दोनदा फोन लावला. वाजला, कुणी उचलला नाही, कपाटातल्या फोनसारखा वाजला. खुशीनं तिच्या हातातलं पेन ओढायला सुरुवात केली. "मले दे. मी बी सही करतो." 'मला' म्हण, असं ऋतुजा एरवी म्हणाली असती. 'करते' म्हण. यमुताईंजवळ राहून पोरीची भाषा बिघडते, हे ती अंकुरला आठवड्यातून एकदा तरी सांगायची, आणि अंकुर म्हणायचा, "बिघडते का तुझ्या बाबांसारखी होते, ते ठरव आधी."

रिक्षात तिनं एक गोष्ट केली होती, ती आठवूनही तिला लाजल्यासारखं होत होतं. अजनीच्या पुलावर खुशीनं तिच्या कुडत्यावर दूध उलटून टाकलं, त्या क्षणी ती मनात म्हणाली होती: ही बरी निघू दे, मी कादंबरी सोडते. सगळी. कार्डं फाडते, फाइल पुसते. त्यांच्या घरात नवस कुणी कधी बोललं नव्हतं. आजोबांनी दीक्षेच्या दिवशी सगळे देव सोडले ते सोडले. बाबा तर आजारपणातसुद्धा डॉक्टरवर भरवसा ठेवायचे किंवा स्वतःवर, तिसऱ्या कुणावर नाही. मग हे ती कुणाला म्हणाली? पुलावरच्या हवेला? ऐकणारं कुणी नव्हतं, आणि म्हणूनच ते परत घेता येत नव्हतं. देव असता तर त्याच्याशी घासाघीस करता आली असती. इथं शब्द नुसता सुटला होता आणि तिच्याचकडे बघत उभा होता. ठीक, ती मनात म्हणाली, दिली कादंबरी. आणि सहीच्या जागी पेन टेकवलं.

"एक मिनिट," डॉक्टर म्हणाले. "त्या बाई आल्यात का सोबत? बघितलं त्यांनी ना? त्यांना आत बोलवा. मला वेळ लिहावा लागतो." दामिनी सिस्टर दाराशीच खुशीच्या वजनाची नोंद करत उभी होती, तिनं बाहेर डोकं काढून हाक मारली आणि यमुताई आत आल्या, पदर दोन्ही खांद्यांवर ओढून, चपला हातात. घराण्यानं विणकर, उमरेडच्या. नवरा गेल्यावर माग विकून नागपूरला मुलीकडे आलेल्या. रडून रडून त्यांचा चेहरा खुशीच्या कपाळापेक्षा जास्त सुजला होता. "बसा बाई," डॉक्टर म्हणाले. "घाबरू नका, तुम्हाला कोणी बोलत नाहीये. मुलगी पडली तेव्हा नेमकं काय झालं, तुमच्या शब्दांत सांगा." यमुताईंनी एकदा ऋतुजाकडे बघितलं. "मी शेंगा निवडून राहिली साहेब. पायरीजवळच. कुकर वाजून राहिला. पोट्टी बाहुलीले अंगाई म्हणून राहिली, उलटी-उलटी उतरून राहिली. मी म्हटलं, उलटी नोको उतरू वं. तं ते हासून राहिली. अन् मंग पडून राहिली साहेब, अन् मी पाहून राहिली. हातात शेंगा. पाहूनच राहिली मी." त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, जणू शेंगा अजून ओंजळीत होत्या. डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांचा आवाज बदलला, मघाचा मऊपणा गेला. "पडून राहिली आणि तुम्ही नुसत्या बघत राहिलात? उचललं नाही? किती वेळ पडून राहिली?" यमुताईंना प्रश्नच कळला नसावा. त्या ओंजळीकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "किती वेळ काय सांगू साहेब. आताबी पडूनच राहिली ते. माह्या डोळ्यापुढं. खाली काही पोहचून नाही राहिली."

ऋतुजाच्या पाठीतून काहीतरी सरसरत वर गेलं, आणि ते भीतीचं नव्हतं, निदान पुरतं भीतीचं नव्हतं. तिला वाटलं आपण हे वाक्य कुठेतरी ऐकलंय, हेच शब्द नव्हेत, ही चाल. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहू लागले, 'काळ अनिश्चित' असलं काही, आणि तेवढ्यात दामिनी सिस्टर खुदकन हसली. हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "सॉरी सर. पण तुमचं चुकून राहिलं." "काय चुकतंय?" "तेच ना. पडून राहिली म्हंजे पडत होती. तुमच्याकडं म्हणतात ना पडत होती, तसं. पडून तशीच राहिली असं नाही. इथं सगळं होऊनच राहते, सर. मी आता उभी होऊन राहिली, तुम्ही लिहून राहिले." डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मग यमुताईंकडे वळले, शब्द मोजून म्हणाले, "म्हणजे मुलगी पडत होती, आणि ते तुम्ही बघत होतात." "तेच तं म्हणून राहिली मी," यमुताई म्हणाल्या, जरा चिडूनच. "आणि खाली आल्यावर? गप्प होती की रडली?" "गप्प कायची? पडल्याबरोबर असा भोंगा काढला, शेजारच्या शोभाताई धावत आल्या. मी उचलली तं माह्याच कानात रडली. ह्या कानात. अजून गुई-गुई करते कान." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सिस्टर मात्र ऋतुजाकडे बघत होती, फॉर्मवरच्या अक्षराकडे आणि परत ऋतुजाकडे. "मॅडम, तुम्ही कुठच्या? पुण्याच्या का?" "नाही," ऋतुजा म्हणाली. "इथलीच. बाबा मौद्याचे." "मंग?" सिस्टर म्हणाली.

मंग. ऋतुजानं फॉर्मवरचं आपलंच अक्षर पुन्हा वाचलं. यमुताईंनी घरात धापा टाकत सांगितलेलं वाक्य होतं 'पायरीवरून पडून राहिली', आणि मराठीत एम. ए. केलेल्या, मौद्याच्या मारोतरावांच्या मुलीनं ते नीट करून लिहिलं होतं. घसरली, मग एक 'व' घातला, मग पडून राहिली. एका 'व'नं तिनं आपल्या पोरीला बेशुद्ध केलं होतं. आणि खोटं लिहिलं नव्हतं तिनं. ऐकलंच तसं होतं. दूध पिताना जी भाषा कानात गेली तिच्यावर पुढे इतक्या थरांनी शुद्धता चढली होती, की ऐन भीतीच्या वेळी, जेव्हा माणसाला आपली भाषा आठवायला हवी, तेव्हा तिला वर्गातली आठवली. डॉक्टरांनी गुंगीचा कागद तिच्या हातातून हलकेच ओढून घेतला आणि चार तुकडे करून डब्यात टाकला. "रडली लगेच, डोळे ठीक, एकच उलटी. स्कॅन नको. सहापर्यंत इथं ठेवू, दर अर्ध्या तासानं सिस्टर बघतील. परत उलटी झाली किंवा उठवूनही उठली नाही तर मग बघू. झोपली तर झोपू द्या." आणि जाता जाता, थोडं ओशाळून, यमुताईंना, "माफ करा हं, मावशी." यमुताई म्हणाल्या, "काहून माफ? तुम्ही तं तुमच्या बोलीत ऐकून राहिले."

तिसऱ्या मजल्यावरच्या खाटेवर खुशी लगेच झोपली. यमुताई खालच्या उपाहारगृहातून चहा आणायला गेल्या. खिडकीतून समोरच्या औषधांच्या दुकानांची रांग दिसत होती, रांगेत उभी माणसं, कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट, कुणाच्या डोक्यावर संत्र्यांची पिशवी, काटोलच्या एसटीतून उतरून थेट आलेली असावीत. ऋतुजा पोरीच्या छातीवर नजर ठेवून बसली. वर, खाली. वर, खाली. आणि काहीही न करता, नुसती बसलेली असताना, ते यायला लागलं. आधी बाबांचा आवाज. तिच्या फोनमध्ये अकरा तास बाबा होते, जाण्यापूर्वीच्या वर्षी रेकॉर्ड केलेले, आणि ते सगळे तिनं उतरवून काढले होते, व्यवस्थित, शुद्ध. बाबा म्हणाले होते, "आमी चालून राहिलो. माय पुढं चालून राहिली, तिच्या डोक्यावर भाकरीचं गाठोडं, बाप मांगं. मले तहान लागून राहिली." कधीही 'होतो' म्हणाले नव्हते. सत्तरीतला माणूस, आठव्या वर्षाचं सांगताना, चालून राहिलो. तिनं प्रत्येक ठिकाणी केलं होतं, चालत होतो, लागली होती, गेलो, पोहोचलो. आणि दीक्षेच्या मैदानाचं सांगताना बाबा थांबले होते, रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर तेवढी ऐकू येते, आणि मग म्हणाले होते: "माणसं येऊन राहिली. येऊन राहिली, येऊन राहिली. जाऊन कोणीच नाही राहिलं, बेटा." तिनं लिहिलं होतं, 'गर्दी वाढतच होती.' नऊ शब्द वाचवले होते तिनं. खाटेची लोखंडी कड तिनं दोन्ही हातांनी धरली. येऊन राहिली. म्हणजे येत होती. आणि म्हणजे आली आणि राहिली. दोन्ही. बाबांच्या तोंडात दोन्ही एकाच वेळी होतं, वेगळं करताच येत नव्हतं, आणि तिनं आयुष्यभर ते गावंढळ वर्तमानकाळ समजून दुरुस्त केलं होतं.

मग दार उघडल्यासारखं झालं. तिनं ते उघडलं नाही. ती तर ठरल्याप्रमाणे कादंबरी देऊन बसली होती, तिचा हात लागायलाच नको होता. पण समोर रस्ता दिसला, भंडारा रोड, धुळीचा, ऑक्टोबरच्या उन्हातला, आणि त्यावर बाबा आठ वर्षांचे चालून राहिले. एवढाच रस्ता. पूर्ण कादंबरी एवढाच रस्ता, मौद्यापासून मैदानापर्यंतचा, दुसरा काही प्रवास नाही. सोळावं नाही, सतरावं नाही. प्रत्येक प्रकरणात एक माणूस त्या रस्त्यावर येईल, आपलं जे काही करत असेल ते करतच, आणि कुणी रस्ता सोडणार नाही. आजोबा देव्हारा रिकामा करून राहिले. बाबा त्याच वेळी चाळीस वर्षांचे होऊन शाळेत फळा पुसून राहिले, आठ वर्षांचेही शेजारी चालूनच राहिले. तिची आई पुष्पलता बाळंतपणात कण्हून राहिली, आणि त्या पोटातली ती स्वतःही वरच्या खोलीत बसून लिहून राहिली. कुणाला संपवायचं नाही. 'मग' हा शब्द कुठेही नाही, 'त्यानंतर' नाही, 'दुसऱ्या दिवशी' नाही. पहिल्या प्रकरणात रस्त्यावर तीन माणसं, विसाव्यात बावीस, आणि शेवटच्या पानापर्यंत वाट इतकी भरलेली की पाय ठेवायला जागा नाही, मेलेलेही तिथंच, न जन्मलेलेही, कुणी जाऊन राहिलं नाही. ते मैदान असं भरलं होतं. असंच तर भरलं होतं. ती इतिहासाकडे एकामागून एक येणाऱ्या दिवसांची रांग म्हणून बघत आली आणि तो तर सगळाच्या सगळा एका दुपारी उभा होता, उन्हात, घाम पुसत. कुणीतरी फार मोठं खोलीत येऊन उभं राहावं आणि आपण बसलेलेच असावं, तशी ती अवघडून उठली. उठून उभी राहिली, खाटेजवळ, कुणासाठी ते न कळता.

आणि उभी राहिल्यावर भीती परत आली. कारण तिनं हे देऊन टाकलं होतं. पूल ओलांडताना दिलं तेव्हा ते काहीच नव्हतं, अठ्ठेचाळीस निर्जीव कार्डं होती, सोडायला सोपी. आता तासाभरात त्याचं हे झालं होतं, आणि शब्द अजून पुरा व्हायचा होता. सहा वाजले नव्हते. तिच्या त्या दोन शब्दांनी एकदा पोर पाडली होती. आता हिच्या उशाशी बसून पुन्हा तेच? तिनं नजर पोरीच्या छातीवर परत ठेवली, वर, खाली, आणि रस्त्याला म्हणाली, थांब. तो थांबला नाही. खुशी त्याच्यावरच होती. पायरीवरून पडून राहिली, बाहुली हातात, खाली पोहोचत नव्हती, आणि यमुताई शेंगा घेऊन पाहून राहिली, कुकर वाजून राहिला. ते प्रकरणसुद्धा त्यातच होतं. तिला ते बाहेर ठेवताच येईना. दामिनी सिस्टर दोनदा येऊन गेली, टॉर्च, नाडी, "मस्त आहे बाई तुमची पोट्टी." यमुताई चहा घेऊन आल्या आणि त्यांनी तिचा चेहरा बघून विचारलं, "काहून वं, अजून घाबरून राहिली का?" "नाही यमुताई." "मंग अशी काहून पाहून राहिली, भूत पाह्यल्यावाणी?" "यमुताई, तुम्ही मघाशी म्हणालात, ती अजून पडूनच राहिली. ते थांबेल का हो?" यमुताईंनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली. "माह्या नवऱ्याचा हात अजून मागावर फिरून राहिला. नऊ वर्षं झाले. थांबते कायचं? आपण आपलं काम करायचं, ते त्याचं करून राहते."

साडेपाचला खुशी जागी झाली. डोळे उघडले, छताकडे बघितलं, कपाळ चाचपलं, आणि मोठ्या माणसासारखी उशीला टेकून बसली. नाव विचारलं तर सांगितलं, वर आडनावही सांगितलं. सिस्टरनं बिस्किट दिलं, ते तिनं दोन घासांत संपवलं आणि ते पोटात टिकलंही. बराच वेळ ती आईकडे बघत होती. रागानं नाही, हिशेब लागत नसलेल्या गोष्टीकडे बघावं तसं.

"आई, मी पडून राहिली ना," ती म्हणाली, "तं तू काय करून राहिली?"

यमुताईंनी बशी खाली ठेवली. ऋतुजाला उत्तरं दिसली, एकापाठोपाठ, सगळी शुद्ध. मी वर होते. मी काम करत होते. आई लगेच आली ना? परत नाही जाणार हं आई वर, कधीच नाही. हे शेवटचं तर ओठांपर्यंत आलं; म्हटलं असतं तर पुलावर दिलेला शब्द एकदम पुरा झाला असता, आणि पोरही हसली असती. तिनं खुशीचा चिकट हात आपल्या हातात घेतला. बत्तीस वर्षांत तोंडात न आणलेला काळ आधी जिभेवर जड लागला.

"मी लिहून राहिली," ती म्हणाली.